जागरण आणि जागणे : महाशिवरात्रीच्या रात्रीचा अर्थ

माघ महिन्याच्या वद्य पक्षातील चतुर्दशीस महाशिवरात्रीचे व्रत येते. वद्य चतुर्दशी दर महिन्यास असते व तीस मासिक शिवरात्री म्हणतात. परंतु माघातील चतुर्दशीसच ‘महा’ हे विशेषण लाभले आहे. उत्तर भारतात महिना पौर्णिमेस संपतो असे मानतात, म्हणून तिकडील पंचांगात हीच तिथी फाल्गुनात दिसते. नाव निराळे, रात्र एकच.

परभणी जिल्ह्यातील बोरी, चारठाणा, जिंतूर या भागातील अनेक भाविक या पर्वकाळी जिंतूरमार्गे औंढ्यास श्रीनागनाथाच्या दर्शनास जातात. ज्यांचे जाणे होत नाही ते आपल्याच गावच्या महादेवास बेल वाहून दिवस साजरा करतात. उपवास कसा करावा, अभिषेक कशाचा करावा, हे बहुतेक घरांतून परंपरेने ठाऊक असते. जागरणाविषयी मात्र समजूत फारशी स्पष्ट नसते. रात्रभर डोळा लागू द्यायचा नाही, एवढाच त्याचा अर्थ घेतला जातो. मग डोळा उघडा ठेवण्यासाठी कोणी पत्ते मांडतो, कोणी दूरदर्शन संचापुढे बसतो, कोठे ध्वनिक्षेपकावर रात्रभर गाणी लावली जातात. भाविकाची झोप मोडावी अशी इच्छा देवास का असावी, हा प्रश्न एखादा लहान मुलगा आजोबांना विचारतो आणि त्यास बहुधा ‘पुण्य लागते’ एवढेच उत्तर मिळते. उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे. या रात्रीच्या कथांतच त्याहून भरीव उत्तर आलेले आहे.

रात्रच का?

धर्मशास्त्रकारांनी या व्रताची उपवास, पूजा आणि जागरण अशी तीन अंगे सांगितली आहेत. पंढरपूर येथे राहून इ. स. १७९० च्या सुमारास ‘धर्मसिंधु’ हा ग्रंथ सिद्ध करणारे काशीनाथ उपाध्याय असोत, वा त्यापूर्वी काशीक्षेत्री १६१२ मध्ये ‘निर्णयसिंधु’ पूर्ण करणारे कमलाकर भट्ट असोत, महाशिवरात्रीचा दिवस ठरविताना ते सूर्योदयाकडे न पाहता मध्यरात्रीकडे पाहतात. इतर अनेक व्रतांत सूर्योदयाची तिथी प्रमाण मानली जाते. येथे निशीथकाळी चतुर्दशी असणे महत्त्वाचे. रात्रीचे पंधरा मुहूर्त केले असता मधला, म्हणजे आठवा मुहूर्त तो निशीथ. माघ अखेरीस परभणीकडे तो साधारणतः रात्री सव्वाबारा ते एक या वेळेत येतो. दिनदर्शिकेत महाशिवरात्री कधी त्रयोदशीच्या दिवशी छापलेली दिसते व भाविक गोंधळतात, त्याचे कारण हेच आहे.

ही रात्र अंधारीही असते. अमावास्येच्या आदल्या दिवशीची चंद्रकोर पहाटेच्या सुमारास जेमतेम क्षितिजावर येते आणि उजेडात विरून जाते. म्हणजे व्रतकाळात आकाशी चंद्र नाही. जो आहे तो शिवाच्या मस्तकावर, असे कीर्तनकार सांगतात व श्रोते त्यास दाद देतात.

निबंधग्रंथांतून ईशानसंहितेचा आधार देऊन असे सांगितले आहे की, याच चतुर्दशीच्या मध्यरात्री आदिदेव कोटिसूर्यांच्या तेजाने लिंगरूपात प्रकट झाले. शिवपुराणाच्या विद्येश्वरसंहितेत या प्राकट्याची कथा विस्ताराने येते. आपणांत श्रेष्ठ कोण, असा वाद ब्रह्मदेव व विष्णू यांच्यात लागला. दोघांच्या मध्ये अग्निस्तंभ उभा राहिला. त्याचा अंत शोधण्यासाठी विष्णू वराहरूपाने खाली गेले, ब्रह्मदेव हंसरूपाने वर गेले. विष्णूंस तळ सापडला नाही, आणि त्यांनी परत येऊन तसे सांगितले. ब्रह्मदेवासही शेंडा सापडला नाही. परंतु वरून गळून येत असलेल्या केतकीच्या फुलास साक्षीस घेऊन त्यांनी शेंडा पाहिल्याचे सांगितले. यावर शिव प्रकट झाले. खरे बोलणाऱ्या विष्णूंस त्यांनी आपल्या बरोबरीची पूजा दिली, ब्रह्मदेवाची पूजा लोकी बंद झाली, आणि खोटी साक्ष दिली म्हणून केतकी, म्हणजे केवडा, शिवपूजेतून वर्ज्य झाला.

ही कथा बहुधा केवडा का वाहू नये याचे कारण म्हणून सांगितली जाते आणि तेथेच सोडून दिली जाते. वास्तविक तिचे मर्म निराळे आहे. उंच आकाशात ब्रह्मदेव एकटे होते. त्यांनी काय पाहिले व काय पाहिले नाही हे जाणणारे दुसरे कोणी नव्हते. जे होते ते फूल त्यांनी आपल्या बाजूस वळवून घेतले. पाताळात विष्णूही एकटेच होते. त्यांनाही असेच करता आले असते. कोणी पाहत नसताना एक खऱ्यास जागला, दुसरा जागला नाही, एवढाच काय तो दोघांमधील फरक.

मराठी भाषेत ‘जागणे’ या शब्दास दोन अर्थ आहेत. झोप न घेणे हा एक. आणि शब्दास जागणे, इमानास जागणे, खाल्ल्या मिठास जागणे, यातील निष्ठेचा अर्थ हा दुसरा. संस्कृतातील ‘जागरण’ या शब्दात हा दुसरा अर्थ इतक्या ठळकपणे दिसत नाही, तो मराठीत आहे. महाशिवरात्रीच्या कथा वाचताना हे दोन्ही अर्थ एकत्र धरले म्हणजे रात्रीचे प्रयोजन उलगडू लागते.

व्याधाची कथा

या व्रताची मुख्य कथा शिकाऱ्याची आहे, आणि ती सर्वत्र सारखी नाही. गरुडपुराणात सुंदरसेनक नावाचा निषादांचा राजा कुत्र्यासह शिकारीस जातो. त्यास शिकार मिळत नाही. भुकेला, तहानेला तो तळ्याकाठच्या झाडीत रात्र जागून काढतो. तेथे एक शिवलिंग असते, पण त्याची त्यास जाणीव नसते. त्याच्या हातून पाने लिंगावर पडतात, पाणी पडते. खाली पडलेला बाण उचलण्यासाठी तो गुडघे टेकतो, तेव्हा लिंगास स्पर्शही होतो. स्नान, पूजा, नमन, उपवास, जागरण, सर्व काही नकळत घडते, आणि मरणानंतर त्या पुण्याने शिवगण त्यास यमदूतांपासून सोडवितात. भारतरत्न म. म. पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या पाचव्या खंडात व्रतांचे विवेचन करताना महाशिवरात्रीच्या या कथांचा परामर्श घेतला आहे.

एवढ्यावर थांबले तर चिकित्सक वाचकाच्या मनात शंका येणे स्वाभाविक आहे. ज्यास ठाऊकच नाही त्यास फळ कसे? आणि नकळत मिळणार असेल तर जाणून व्रत करणाऱ्याने कष्ट का घ्यावेत? शंका रास्त आहे, आणि ती दडपून टाकण्याचे कारण नाही. ‘अज्ञानानेही अग्नीस हात लागला तर चटका बसतोच’ असे समाधान सांगितले जाते. त्याने भाविकाचे मन शांत होते, परंतु व्याधाच्या मनाचे काय झाले ते त्यातून कळत नाही.

शिवपुराणाच्या कोटिरुद्रसंहितेतील कथा येथे अधिक खोल जाते. तेथे व्याधाचे नाव गुरुद्रुह असे आहे. तो क्रूर आहे, चोरी व हिंसा हाच त्याचा व्यवसाय. घरी माणसे भुकेली आहेत म्हणून तो अन्नाच्या शोधात निघतो. दिवसभर काही मिळत नाही. सूर्यास्त होतो. रिकाम्या हाताने घरी कसे जावे, म्हणून पाण्याचे भांडे बरोबर घेऊन तो जलाशयाकाठच्या बेलाच्या झाडावर चढून बसतो. पाणी प्यावयास जनावर येईलच. त्या झाडाखाली शिवलिंग आहे.

पहिल्या प्रहरी एक हरिणी येते. व्याध धनुष्य चढवितो. त्या हालचालीने भांड्यातील पाणी व बेलाची पाने खाली लिंगावर पडतात. पहिली पूजा झाली. आवाजाने सावध झालेली हरिणी त्यास म्हणते की, माझ्या देहाने कोणाची भूक भागत असेल तर मी धन्यच आहे. मात्र घरी पाडसे आहेत, त्यांस बहिणीच्या व पतीच्या स्वाधीन करून मी परत येते. व्याध हसतो. प्राणावर बेतलेला जीव काहीही सांगेल, हे त्यास ठाऊक आहे. हरिणी शपथा घेते. आणि जे आजवर कधी केले नव्हते ते व्याध करतो. तो तिला जाऊ देतो. दुसऱ्या प्रहरी तिची बहीण तिला शोधीत येते. पुन्हा धनुष्य, पुन्हा पाणी व पाने, पुन्हा विनवणी. तिसऱ्या प्रहरी हरिण येतो. त्यासही व्याध सोडतो.

आता कथेतील एक सूक्ष्म स्थळ लक्षात घ्यावे. संध्याकाळी झाडावर बसलेला व्याध शिकारीसाठी जागा होता. तीन प्रहर उलटल्यावर, घरची माणसे उपाशी असताना व पोटात आग पडली असताना, तो जागा आहे तो कशासाठी? तीन मुक्या जीवांनी दिलेल्या शब्दासाठी. ते येतील की येणार नाहीत, हे पाहण्यासाठी. त्याची झोप तीच उडालेली आहे, झाड तेच आहे, हातात धनुष्यही तेच आहे, परंतु जागण्याचे कारण मात्र पालटले आहे. जागरणाचे जागणे झाले ते येथे.

तिकडे घरी दोघी बहिणी व हरिण एकमेकांस भेटतात, आणि तिघांनीही शब्द दिला आहे हे उघड होते. मग कोणी जायचे यावर वाद होतो. प्रत्येकास वाटते की मी जावे, इतरांनी पाडसे सांभाळावीत. शेवटी तिघेही निघतात, आणि मागे राहून काय करायचे म्हणून पाडसेही पाठोपाठ चालू लागतात. चौथ्या प्रहरी हा सारा कळप झाडाखाली येऊन उभा राहतो. जंगलात त्यांना कोणी पाहत नव्हते. ते पळून गेले असते तर व्याध त्यांना शोधू शकला नसता. तरी ते आले.

त्यांना पाहून व्याध धनुष्य उचलतो, पाणी व पाने पुन्हा खाली पडतात, चौथ्या प्रहराची पूजा होते, आणि त्याच्या मनातील हिंसा नाहीशी होते. ही ज्ञानहीन जनावरे परोपकारासाठी देह द्यावयास तयार आहेत. मनुष्यजन्म मिळवून मी काय केले, असा विचार त्याच्या मनात येतो, आणि तो सर्वांना जाऊ देतो. शिव प्रसन्न होतात, त्यास ‘गुह’ असे नाव देतात, आणि शृंगवेरपुरी राहून रामचंद्रांचे सख्य लाभेल असा वर देतात. रामायणात गंगेच्या काठी रामास भेटणारा निषादराज तो हाच, असे पुराणाचे सांगणे आहे.

श्रीधरस्वामी नाझरेकर यांनी शके १६४० मध्ये, म्हणजे इ. स. १७१८ साली, बारामती येथे ‘शिवलीलामृत’ पूर्ण केले. त्याच्या चौदा अध्यायांपैकी दुसऱ्या अध्यायात ही शिवरात्रीची कथा आहे. मराठी घरांतून ती पोहोचली ती प्रामुख्याने या ग्रंथामुळे. अकरावा रुद्राध्याय नित्य वाचणारे पुष्कळ असतात. महाशिवरात्रीच्या रात्री मात्र दुसरा अध्याय सावकाश, अर्थ लावीत वाचावा, अशी सूचना करावीशी वाटते.

लोककथेने या सर्वांना आकाशात नेऊन बसविले आहे. माघाच्या अखेरीस पहिल्या प्रहरी मृग नक्षत्र जवळजवळ डोक्यावर, किंचित दक्षिणेकडे असते. त्याच्या पोटातील एका रेषेतील तीन तारे म्हणजे बाण, आणि आग्नेयेस लखलखणारा तेजस्वी तारा म्हणजे व्याध. रात्र सरकते तसे हे सर्व पश्चिमेकडे झुकतात आणि तिसऱ्या प्रहरात एकामागोमाग मावळतात. बोरीसारख्या गावी, दिव्यांपासून थोडे दूर शिवारात उभे राहिले असता, ही कथा जागरण करणाऱ्यास आकाशात पाहता येते.

जागल

बोरीच्या परिसरात माघ महिना हा रब्बीचा ऐन काळ. ज्वारी हुरड्यातून पुढे जाऊन दाण्यात भरलेली असते, हरभरा काढणीस येतो, गव्हास पाणी चालू असते. या दिवसांत शेतकऱ्याची रात्र घरी जात नाही. रानडुकरे व चोर यांच्यापासून पिकाची राखण करण्यास तो माळ्यावर वा बांधावर झोपावयास, खरे तर न झोपावयास, जातो. या राखणीस मराठवाड्यात ‘जागल’ म्हणतात. जुन्या गावगाड्यात गावाची राखण करणारा ‘जागल्या’ होता, तोही शब्द याच कुळातील. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत तर विजेची पाळी रात्रीची आली की कडाक्याच्या थंडीत दारे धरण्यासाठी उभे राहणे अनेकांच्या वाट्यास आले.

अशा माणसास महाशिवरात्रीच्या रात्री देवळात येता येत नाही. त्याच्या मनास रुखरुख लागते, आणि पुष्कळदा घरातील वडीलधारी मंडळीही ‘आजच्या दिवशी तरी’ असे बोलून ती वाढवितात. हा प्रश्न लहान नाही. जो वर्षभर कष्ट करतो त्यासच पर्वकाळी देवाचे दार बंद व्हावे काय?

व्याधाच्या कथेचा आधार घेतला तर उत्तर सरळ ‘होय’ असेही येत नाही आणि सरळ ‘नाही’ असेही येत नाही. व्याधही पोटासाठीच जागत होता; देवळात नव्हता, झाडावर होता; देव आपल्या खाली आहे हे त्यास ठाऊक नव्हते. म्हणून पोटासाठी जागणाऱ्याची रात्र या व्रतातून बाद होत नाही, हे निश्चित. परंतु नुसता जागला म्हणून व्याध गुह झाला नाही. हाती आलेली शिकार त्याने तीनदा सोडली, आणि सोडताना त्यास तोटा होत होता. रात्रीच्या अंधारात शेजाऱ्याच्या वाट्याचे पाणी आपल्या वाफ्यात वळविणे किती सोपे असते, हे दारे धरणारा जाणतो. बांध कोरणारा फावडाही बहुधा रात्रीच चालतो. कोणी पाहत नसताना जो पाळीच्या वेळी पाणी सोडून देतो, त्याने त्या रात्री बेलाचे एक पानही वाहिले नसले तरी तो व्रतापासून फार दूर राहिला आहे असे म्हणवत नाही. उलट चारही प्रहर गाभाऱ्यात बसून ज्याच्या मनात शेजाऱ्याचा बांध आहे, त्याच्या जागरणास काय म्हणावे, ते त्याने स्वतःच ठरवावे.

भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात, सर्व भूतांची जी रात्र तीत संयमी पुरुष जागा असतो, असे सांगितले आहे. तेथील रात्र तिथीची नाही, हे खरे. तरीही वर्षातून एक रात्र प्रत्यक्ष जागून काढल्यावाचून ते वचन अंगाने कळत नाही. नेमून दिलेल्या व्रताचा उपयोग येथे आहे.

नागनाथाचे देऊळ आणि नामदेव

औंढा हे गाव पूर्वी परभणी जिल्ह्यात होते. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा झाला तेव्हापासून ते त्या जिल्ह्यात आहे. बारा ज्योतिर्लिंगांतील दारुकावनातील नागेश तो हाच, अशी महाराष्ट्राची श्रद्धा. गुजरातेत द्वारकेजवळील व उत्तराखंडातील जागेश्वर येथील भाविकही हाच मान आपल्या क्षेत्रास देतात. त्यावरून वाद घालण्याचे भाविकास कारण नाही. दारुकावनाची कथा तिन्ही ठिकाणी एकच आहे. दारुक नावाच्या राक्षसाने सुप्रिय नावाच्या वैश्य शिवभक्तास व त्याच्या सोबत्यांस कैदेत टाकले. सुप्रियाने बंदिशाळेतच शिवपूजन चालू ठेवले, इतर बंदीजनांसही शिकविले, आणि देव तेथेच प्रकट झाले. तेथेही देऊळ नव्हते.

यादवकालीन शिल्पकलेचा उत्तम नमुना असलेल्या या देवळाचा खालचा कोरीव भाग जुना असून वरील बांधकाम नंतरच्या काळातील आहे. गाभारा जमिनीच्या पातळीखाली आहे. अरुंद पायऱ्यांवरून वाकून खाली उतरावे लागते, म्हणून शिवरात्रीस रांग फार हळू सरकते. रांगेतील तासन्‌तास हे जागरणाचेच तास समजावेत व पुढे घुसण्याचा मोह टाळावा.

नंदी नेहमीप्रमाणे देवासमोर नसून देवळाच्या पाठीमागील अंगास आहे. याचे कारण म्हणून संत नामदेवांची कथा सांगितली जाते. नामदेवांचा जन्म १२७० मधील. त्यांचे नरसी हे गाव याच हिंगोली जिल्ह्यात. संतमेळ्यासह ते औंढ्यास आले व देवळापुढे कीर्तनास उभे राहिले. गर्दीने आपली वाट अडते, सोवळे मोडते, म्हणून पुजाऱ्यांनी त्यांस देवळामागे जावयास सांगितले. नामदेव विनातक्रार मागे गेले आणि तेथे कीर्तन चालू ठेवले. तेव्हा देवळानेच तोंड फिरविले. शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत. त्यांतील एका पदात देऊळ फिरल्याचा हा प्रसंग त्यांच्याच मुखाने आलेला आहे. म्हणजे ही आठवण मराठवाड्यातून पंजाबापर्यंत गेली.

याच औंढ्यास नामदेवांस विसोबा खेचर हे गुरू भेटले अशी परंपरा आहे. देवाच्या पिंडीवर पाय ठेवून निजलेल्या विसोबांस नामदेवांनी हटकले. ‘जेथे देव नाही तेथे माझे पाय ठेव’ असे विसोबा म्हणाले, आणि नामदेव पाय ठेवतील तेथे पिंडी दिसू लागली. जागरणाच्या क्षेत्री गुरू निजलेला भेटावा आणि जाग यावी ती शिष्यास, हा योग विलक्षण आहे.

या व्रताचा अधिकार शास्त्राने सर्व वर्णांतील स्त्रीपुरुषांस दिलेला आहे, आणि त्याचा नायक निषाद आहे. तरीही नामदेवांस मागे जावे लागले. शास्त्रात अधिकार लिहिलेला असणे आणि देवळाच्या दारात तो मिळणे यांत अंतर राहू शकते, हे क्षेत्रव्यवस्था पाहणाऱ्या प्रत्येकाने ध्यानी ठेवण्यासारखे आहे.

चार प्रहरांची पूजा

सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत सुमारे तीन-तीन तासांचे चार प्रहर होतात. पहिल्या प्रहरी दुधाने, दुसऱ्या प्रहरी दह्याने, तिसऱ्या प्रहरी तुपाने व चौथ्या प्रहरी मधाने अभिषेक करण्याचा विधी असून, अनुक्रमे ईशान, अघोर, वामदेव व सद्योजात या नामांनी पूजा केली जाते. प्रत्येक पूजेनंतर शुद्धोदक, भस्म, बेल व पंचाक्षरी मंत्राचा जप. ज्यांना चारही प्रहर शक्य नाहीत त्यांनी निशीथकाळी एक पूजा करावी. वृद्ध, आजारी व गर्भवती यांनी देहास पीडा देऊन जागू नये.

दूध अर्पण करताना ते प्रमाणातच असावे. चमचाभर दुधाने अभिषेक होतो. उरलेले लेकरांच्या मुखी जावे.

बेल आदल्या दिवशीच तोडून ठेवावा. चतुर्दशीस बेल तोडू नये असा संकेत आहे, आणि तोडलेला बेल शिळा मानला जात नाही. (व्याधाने नेमका त्याच रात्री बेल तोडला; पण त्यास संकेत ठाऊक नव्हते आणि देवाने ते मोजलेही नाहीत.) फांद्या ओरबाडून झाड बोडके करू नये.

फराळास भगर, शेंगदाण्याची आमटी, रताळी व कवठाची चटणी हे पदार्थ आपल्याकडे रूढ आहेत. फराळ थोडा घ्यावा. भरल्या पोटी दुसरा प्रहरही निभत नाही, हा सर्वांचा अनुभव आहे.

पारणे

उपवासाचे पारणे दुसऱ्या दिवशी पंचांगात दिलेल्या वेळी, सर्वसाधारणपणे सूर्योदयानंतर स्नान व पूजा करून करावे. व्याधाच्या घरी त्या सकाळी काय शिजले, हे पुराणाने सांगितलेले नाही. तो अन्नासाठी बाहेर पडला होता आणि रिकाम्या हाताने परतला. पारण्यापूर्वी दारी आलेल्यास अन्न द्यावे, असा जुना प्रघात आहे. ज्या घरचा माणूस रात्री जागलीवर किंवा पाण्याच्या पाळीवर असेल, त्या घरच्यांनी तो शिवारातून येईपर्यंत थांबावे, त्यास गरम पाणी द्यावे, बेलाचे एक पान त्याच्या हातून महादेवास वाहवावे, आणि मग सर्वांनी एका पंक्तीस बसून भाकरी खावी.